भाऊची वायर

५ मे, राजकोट
पुन्हा तेच. फोन ठेवला तरी भाऊचं भांडण डोक्यात चालूच. म्हणे, "वायर मनी, खांबा मना, गिऱ्हाईक बी मना. सरकारनं काय जास?" म्हटलं, सगळं तुझंच, पण एक कनेक्शन घेऊन चाळीस घरांना नेट विकायला लायसन लागतं. "तू खड्डा खोद, माले कायदा नको शिकाडू." मोठा भाऊ, काय बोलणार. आणि केबलसाठी खड्डेच खोदतो मी इथे.

९ मे
सुपरवायझरशी वाद. मीच भाऊची बाजू घेतली. दूधवाला घरोघर माप घालतो, त्याला कोण लायसन विचारतं? तो हसला. "दूध पिऊन कोणी फोनवर धमक्या देत नाही." पण भाऊ नसता तर आमच्या धुळ्याकडच्या गावात नेट आलं असतं? एक कंपनी फिरकली नव्हती.

१४ मे
वहिनीचा फोन. पोलीस घरी. शाळेजवळच्या नानांच्या मुलीचे घाणेरडे खोटे फोटो कोणीतरी भाऊच्या नेटवरून टाकले. कनेक्शन भाऊच्या नावाचं. कोण कोण वापरतं, यादी द्या म्हणाले. कसली यादी. गावात लग्न असलं की भाऊचा आहेर म्हणजे मांडवात नेट फुकट, पासवर्ड खडूने फळ्यावर. यंदा पाच मांडव झाले, पासवर्ड तोच. अख्ख्या वऱ्हाडाकडे आहे.

१५ मे
नानांना फोन केला. "तुझा भाऊ चांगला आहे रे. पण पोरगी खोलीतून बाहेर येत नाही."

२० मे
भाऊने नेट बंद ठेवलंय. तिकडे मोठ्या कंपनीचा माणूस फॉर्म वाटतोय, दुप्पट भाव. धुळ्याचा एक लायसनवाला भाऊला हाताखाली घ्यायला तयार. डिपॉझिट, घरोघरचं आधार, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. भाऊ म्हणे, "शेजारले कागद मांगू? चोर शेतस का त्या?"
म्हटलं, सगळे चोर नसतील, एक तर आहे ना.
वाद न घालता फोन ठेवला. पहिल्यांदा.

२३ मे
कंटाळलो. चाळीस घरांच्या माणसालाही एवढे कागद, मग राहणार कोण? मोठी कंपनीच. आणि कागद नकोत म्हणावं तर नानांची मुलगी...
भाऊ हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. मीच वहिनीच्या खात्यावर पैसे टाकतोय, तिला सांगितलंय: डिपॉझिट भरा, नाहीतर वायरी उतरवायला माणूस लावा. रु. ९,०००.