दोन लेथचे कोटेशन

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
८ ऑक्टोबर १९५६

चि. अरविंद यास अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. एका नव्या कामाच्या काळजीत राहून गेले.

कापसाच्या जीनवर नवे इंजिनिअर आले आहेत. यंत्रांचे दांडे लेथवर कातून हवेत. पण जुन्या मॅनेजरांसारखा मोडका दांडा पुढ्यात टाकून जात नाहीत. म्हणतात, आधी कोटेशन. लोखंड किती, मजुरी किती, माल कधी देणार, सगळे लेखी. माझे शिक्षण तिसरीचे. तू मागे शिकवलेस तसे लिहून दिले. नक्कल सोबत आहे. आई म्हणते, मुलीच्या लग्नालाही यांनी एवढे कागद फाडले नव्हते.

मुदत कमी टाकली, कारण दोन्ही लेथ चालतील. नागपूर मुंबई राज्यात गेले तर सरकारी वर्कशॉप सोडून घरी येईन, असे तू म्हणालाच होतास. आता एक तारखेपासून ते जातेच आहे, आपले बऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशातच राहते. काही चुकले असेल तर कळव.

तुझा आबा, चुडामण

नागपूर
१२ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप आबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

कोटेशन चांगले जमले आहे. फक्त खाली ‘लोभ असू द्यावा’ असे लिहीत नाहीत, आबा! तुमची सून सुलभा अजून हसते आहे. हत्यारांची झीज धरली नाहीत, ती धरा.

पण दुसरा लेथ कोणाच्या भरवशावर धरलात? गेल्या दिवाळीला जेवताना मी तसे बोललो खरा, पण ते थट्टेत. राज्यांच्या वाटणीत मी नोकरीसाठी नागपूरच मागून घेतले आहे. सुलभाची शाळेतली नोकरी इथेच आहे. आधीच कळवायला हवे होते, धीर झाला नाही. मुदत वाढवून घ्या. खांदा दुखत असताना एकट्याने ओढू नका. आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक, अरविंद

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
१६ ऑक्टोबर १९५६

चि. अरविंद व सौ. सुलभा यांस आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच्या आदल्या दिवशी कोटेशन मंजूर झाले होते. मुदत कमी म्हणूनच. मी तसाच जीनवर गेलो, एक माणूस कमी झाला म्हणून सांगितले. इंजिनिअर रागावले नाहीत. सोमवारी नवे आणा म्हणाले, पण आता इतरांचीही पाहू. काम बहुधा जाईल.

नवे लिहिले. झीज धरली, लोभ काढला, मुदत दुप्पट केली. तुला बोल लावत नाही. आमच्या धंद्यात जन्मभर तोंडच्या शब्दावर माल तयार झाला. तीच सवय नडली. जेवताना बोललेलेही मी पक्के धरून बसलो.

दसऱ्याला दोन्ही लेथ पुसून फुले वाहिली. तुझा लेथ विकत घ्यायला खकनार गावचे एक गिऱ्हाईक आले आहे. आई म्हणते, देऊन टाका, जागा तरी होईल. मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

तो लेथ ठेवायचा की द्यायचा, एवढे तू कळव. पण या खेपेला विचार करून लिही, बाबा. तू लिहिशील तेच मी धरणार आहे. गिऱ्हाईक थांबले आहे, पत्र लवकर टाक.

तुझा आबा