सातव्या धड्यातली चौथी ओळ

७ डिसेंबर, रविवार. जळगाव.

सर, तुम्ही गेल्यावर पहिल्या वर्षात मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली आणि मग अकरा वर्षं एकही नाही. माफ करा. वेळ नव्हता असं म्हणणार नाही. डायरी मी रोज लिहिते, त्यातलं अर्धं पान तुमच्यासाठी कधीही निघालं असतं. कारण बहुधा असं की तुमची वही माझ्याकडे होती, तुमचे धडे मी जसेच्या तसे शिकवत होते, आणि त्यामुळे तुमच्याशी वेगळं बोलायचं काही उरलंय असं वाटलंच नाही. आज वाटलं. आज मी आयुष्यात पहिल्यांदा जर्मन रेस्टॉरंटमध्ये जेवले. तेही कुठे, तर धुळ्यात, सोनगीरकडे जाणाऱ्या हायवेवर, टायरच्या दुकानाला लागून. अठरा वर्षं जर्मन शिकवते आहे आणि आज पहिल्यांदा! तुम्ही हसाल. हसा.

‘पहिल्यांदा’ हा शब्द मात्र मला दुरुस्त करायला हवा. पहिलं जर्मन रेस्टॉरंट तुमच्या स्वयंपाकघरात होतं. रसायनशास्त्रातले जुने निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून तुम्ही तरुणपणी जर्मन शिकलात, जर्मनीला कधी गेला नाहीत, आणि निवृत्तीच्या आधीपासूनच रविवारी घरी आम्हा पाच जणांना शिकवायला लागलात. सातवा धडा रेस्टॉरंटचा. काकूंची पांढरी चादर जेवणाच्या टेबलावर पसरलेली, काटे दोनच म्हणून ते आळीपाळीने फिरतायत, आणि तुम्ही खांद्यावर नॅपकिन टाकून वेटर झाला आहात. मेन्यूचं कार्ड तुमच्या बारीक अक्षरातलं. त्यावर ‘कार्टोफेलझालाट’, म्हणजे बटाट्याचं सॅलड, लिहिलं असलं तरी पानात बटाट्याची सुकी भाजी येते, ‘ब्रोट’, म्हणजे पाव, म्हटलं की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. काकू चुलीपाशी हसतायत. “अहो, माझ्या भाकरीला काय म्हणताय ते एकदा मलाही सांगा, म्हणजे उद्यापासून दर वाढवते.” तुम्ही म्हणता, “स्वयंपाक्याने गिऱ्हाइकांसमोर बोलायचं नसतं.”

मग तुम्ही माझ्याजवळ येता आणि विचारता, “नोख एटवास?” म्हणजे, अजून काही हवं का? मी लगेच म्हणते, “या, बिटे.” म्हणजे, हो, द्या. व्याकरण बरोबर, उच्चार बरोबर. तुम्ही भाजीचं पातेलं खाली ठेवता, खांद्यावरचा नॅपकिन काढता आणि मराठीत बोलता. “पहिल्याच विचारण्याला हो? बघणारे काय म्हणतील, पोर कधी जेवली नाही का? दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं.” बाकीचे चौघे हसले. तुम्ही त्याच रविवारी वहीत सातव्या धड्याखाली चौथी ओळ घातलीत: ‘दोनदा नाइन डांके, तिसऱ्यांदा या बिटे.’ नाइन डांके, म्हणजे नको, आभारी आहे. मी पुन्हा बसले, नीट दोनदा नको म्हटलं, आणि तेवढ्यात कुणीतरी क्रियापदाची शंका काढली. तुम्ही फळ्याकडे वळलात. तिसऱ्यांदा विचारायचं तुमच्याकडून राहून गेलं. मी तेव्हा भडगावहून सकाळच्या पहिल्या एसटीने यायची आणि न जेवता यायची, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. काकूंना कळलं होतं. निघताना त्यांनी दारात माझ्या हातात तपासलेल्या उत्तरपत्रिकेच्या कागदात गुंडाळलेली भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, “हो-नको काही बोलू नकोस, धर.”

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, नाही असं मला वाटतं. आज परत आल्यावर त्या वर्षीची डायरी काढून पाहिली. त्या रविवारची नोंद एवढीच आहे: ‘सरांकडे सातवा धडा. मजा आली.’ भुकेचा उल्लेख नाही. तेव्हा मी सारवासारव केली की आज मी वाढवून सांगते आहे, हे ठरवता येईना. भाकरीचा कागद मात्र आठवतो. त्यावर कुणाला तरी सात गुण मिळाले होते.

तुमचे डोळे अधू झाले तेव्हा तुम्ही वही मला दिलीत आणि वर्ग माझ्याकडे आला. आता पोरं निबंध वाचायला जर्मन शिकत नाहीत. नर्सिंग केलेली, आयटीआय झालेली मुलं-मुली तिकडे कामाला जायचं म्हणून येतात, आणि जातातही. मी सातवा धडा तुमच्यासारखाच घेते, चादर पसरून. चौथी ओळही शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या एका मुलीचा मेसेज आला होता: ‘मॅडम, इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. वॉर्डच्या बाईंनी पहिल्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. मी नाइन डांके म्हटलं आणि त्यांनी भांडी आवरली.’ पुढे हसण्याचं चिन्ह होतं. मीही उत्तरात तेच चिन्ह पाठवलं. आणि पुढच्या तुकडीला चौथी ओळ तशीच शिकवली. का, हे मी स्वतःला विचारलंच नाही असं नाही. विचारलं आणि उत्तर दिलं की ती ओळ तुमच्या अक्षरातली आहे. हे उत्तर असू शकत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

या तुकडीत साक्रीकडच्या डोंगरातल्या गावची एक मुलगी आहे. नर्स आहे, पुढच्या महिन्यात निघते. वर्गातली सगळ्यात तयारीची, आणि सगळ्यात कमी मागणारी. वही संपली तरी दोन दिवस सुट्या कागदांवर लिहील पण म्हणणार नाही. गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही तिथल्या हॉटेलात जेवल्या आहात ना? खरंच असंच असतं का सगळं?” मी म्हटलं, साधारण असंच. घरी येऊन डायरीत लिहिलं: ‘आज खोटं बोलले.’ आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की रविवारी धुळ्याला ये, आपण दोघी खरोखरच्या ठिकाणी जेवू.

ती आईला घेऊन आली. त्या साक्रीहून, मी जळगावहून, मध्ये धुळं. आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. हॉटेलचा मालक भडगावचाच निघाला. तिकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं काम करून परत आलेला, पन्नाशीचा, पोट सुटलेला, मिशीवाला माणूस. मी कशासाठी आलेय ते त्याला आधीच सांगितलं होतं. म्हणाले होते की मुलीला तिथल्यासारखंच वाढा, आपल्यासारखं नको. तो म्हणाला, “मॅडम, मग नंतर रागावायचं नाही.”

आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आईने हळूच अहिराणीत विचारलं, “मॅडम, आठे पानी कोनी देत नही का?” मालक दुरून बघत होता. तिकडे पाणीही मागावं लागतं, हे तुमच्या वहीत नाही, सर. तुमच्या घरात तर पाऊल टाकल्याबरोबर तांब्या पुढे यायचा. मुलीने जर्मनमधून पाणी मागितलं आणि ते आलं. मग कांद्याचा भाजलेला केक, जो गोड नसतो. बटाट्याचे मुठीएवढे उकडलेले गोळे. आणि आंबवलेली कोबी. आईने कोबी नाकाजवळ नेली, मालकाला खुणेने बोलावलं आणि त्याची अब्रू राखायची म्हणून आवाज खाली आणून म्हणाली, “भाऊ, ही कोबी आंबी गयी शे. कोनले सांगत नही मी, पन फेकी द्या.”

“अक्का, ती आंबवेलच ऱ्हास,” तो म्हणाला. “तठला लोक अशीच खातस.”

“पैसा दीसन?” पैसे देऊन आंबलेलं खायचं, हे तिला पटेना.

मुलीला हसू आवरेना. तिने बटाट्याचा गोळा काट्याने नीट तोडून खाल्ला, मी शिकवलं होतं तसा, म्हणजे तुम्ही शिकवलं होतंत तसा. मालकाने दुसरा गोळा पळीत घेऊन विचारलं, “नोख एटवास?” ती म्हणाली, “नाइन, डांके.” उच्चार इतका स्वच्छ की मला क्षणभर अभिमान वाटला. त्याने पळी परत भांड्यात ठेवली, तिची ताटली उचलली आणि आत गेला.

ती ताटलीकडे बघत राहिली. बघत म्हणजे ताटली गेली त्या दाराकडे. सकाळी सहाला घर सोडून आलेली मुलगी. मला तो चेहरा ओळखीचा होता, सर. तो मी आरशात पाहिलेला नाही, पण आतून मला माहीत आहे. आई म्हणाली, “तठे बी असंच शे का? एकदा नही म्हनं का ताट उचली लेतस? मंग मनी पोर उपाशी राही.” आणि ती माझ्याकडे बघत होती, मालकाकडे नाही.

मी त्या दोघींना सगळं सांगितलं. चौथ्या ओळीचं, मेसेजचं, तीन वर्षांचं. म्हटलं, चूक माझी आहे, तुम्हाला शिकवलं ते इथलं होतं. मुलगी म्हणाली, “म्हणजे मी काही चुकीचं बोलले नाही ना?” म्हटलं, नाही. “मग ठीक आहे,” असं म्हणून ती उठली, आतल्या दारापाशी गेली आणि जर्मनमधून मोठ्याने म्हणाली: माफ करा, मी नको म्हटलं, पण मला भूक आहे, मला अजून एक हवं. अडखळली नाही. हे वाक्य तुमच्या एकाही धड्यात नाही आणि माझ्याही नाही. तिने ते उभ्याउभ्या जोडलं. आतून मालकाचा आवाज आला, “शाब्बास! पास!” आणि ताटली दोन गोळे घेऊन परत आली.

पण गोष्ट एवढ्यावर संपली असती तर तुमचं पारडं फारच हलकं झालं असतं. जेवण झाल्यावर आईने पिशवीतून डबा काढला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. हॉटेलात घरचा डबा उघडायचा नसतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी सांगणार नव्हते. तिने एक भाकरी मालकापुढे धरली. “ल्या भाऊ.”

“नको अक्का, बठ्ठं शे मनाकडे.”

“ल्या ना.”

“नको, खरंच नको.”

“पोर जाई राहिनी. तिनी आठवन म्हनीसन ल्या.”

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि घेतली. मुलगी टाळी वाजवून म्हणाली, “भाऊ! दोनदा नको म्हटलं तुम्ही! ताट उचलायचं का?” तो तोंडात घास घेऊनच म्हणाला, “तो नियम कोबीले शे. भाकरले नही.”

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी हेच घोळवत होते. तुम्ही चुकलात असं मला म्हणता येत नाही आणि बरोबर होतात असंही नाही. तिसऱ्यांदा विचारणारं माणूस समोर आहे याची खात्री असली तरच दोनदा नको म्हणता येतं. तुम्ही आम्हाला जर्मन भाषेत आपल्या घरी पाहुणं कसं जायचं ते शिकवलंत, आणि ते उत्तम शिकवलंत. फक्त आम्हाला ज्या घरी जायचं होतं ते घर दुसरं होतं, आणि तुम्ही ते पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं. पण मला तिकडून मेसेज आला होता, तुम्हाला आला नव्हता. हा फरक मोठा आहे आणि तो माझ्या नावावर लिहायला हवा.

आधी वाटलं होतं, ओळ पेन्सिलीने खोडावी, म्हणजे तुमची शाई खाली तशीच राहील आणि कधी वाटलं तर खोडलेलं पुसता येईल. हा पळपुटेपणा आहे. ती मुलगी दारात उभी राहून जे बोलली ते पेन्सिलीत बोलली नाही. ओळ खोडणार नाही, पण शेजारी शाईने लिहीन की ही कुठली आहे, आणि त्याखाली तिचं वाक्य लिहीन.

हे पत्रही आधीच्या तीन पत्रांसोबत वहीत राहील. एक गोष्ट मात्र वर लिहायची टाळली. शेवटी मालकाने सफरचंद भरलेला एक गोड पदार्थ आणला होता, खारीसारखे पापुद्रे, वर दालचिनी. त्या दोघींनी पहिल्याच विचारण्याला घेतला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, नको नको, पोट भरलं. त्याने माझी ताटली उचलली. सर, मला तो हवा होता.

उद्याचं काम: सातवा धडा, चौथी ओळ, शाईने.