पंधरा पावलांचं नेटवर्क

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.
ईस्टर पार पडला. डोकं निवांत. आजपासून घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. ओसरीवर माझा, लिनक्सवाला. आतल्या खोलीत बायकोचा, हिल्डाचा विंडोज लॅपटॉप, त्याला प्रिंटर. मधलं अंतर पंधरा पावलं.

कारण मोठं आहे. मॅग्डलीन आत्याची लदीनची, म्हणजे क्रुसापुढे गाऊन करायच्या प्रार्थनेची, चौदा गाणी मी तिच्या तोंडून ऐकून टाइप केली. दुसऱ्या कोणालाच ती पूर्ण येत नाहीत. आत्या शहाऐंशीची, नजर अधू होत चाललीय. तीन मेला आळीतल्या क्रुसापुढे लदीन आहे. त्या संध्याकाळी तिला आपली गाणी कागदावर बघायची आहेत, मोठ्या अक्षरांत.

दोन दिवसांचं काम.

२३ एप्रिल.
हिल्डा म्हणाली, पेनड्राइव्ह घे, पाच मिनिटांत होईल. मी शांतपणे समजावलं : पेनड्राइव्ह म्हणजे दरवेळी वाटी घेऊन शेजारी जाणं, नेटवर्क म्हणजे मधली भिंतच काढणं. ती म्हणाली, काढ भिंत, पण माझ्या ट्यूशनच्या वेळेत नको.

२५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.
रजा टाकली. फोल्डर शेअर केला. विंडोजला दिसतो, पण आत शिरता येत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणे. पासवर्ड गावाचं नाव, मीच ठेवलेलं. चुकेलच कसा? विंडोजचा स्वभाव संशयी. रागवायचं नाही, असा निश्चय.

३.२०. रागावलो.

२६ एप्रिल.
दोष राउटरच्या जागेचा असणार. तीनदा हलवला. आता घरातल्या आल्ताराच्या, देव्हाऱ्याच्या फळीवर, मरियामातेच्या शेजारी. हिल्डा म्हणाली, तिथे एकच दिवा पुरे. परत खाली.

२७ एप्रिल, रविवार.
चर्चमध्ये मिस्सानंतर आत्याने गाठलं. छापलं का रे सॅन्टन? म्हटलं, होत आलं. हे खोटं धरता येणार नाही.
संध्याकाळी रोझरीच्या जपात ‘नमो मरिये’च्या जागी माझ्या तोंडून ‘एकशे ब्याण्णव’ निघालं. कॉम्प्युटरच्या पत्त्याचे आकडे. हिल्डा डोळे मिटूनच म्हणाली, आमेन.

२९ एप्रिल.
यश! हिल्डाने सहज विचारलं, पासवर्डात गावाचं नाव, पापडी, कसं लिहिलंस? मी गावाच्या पाटीवरचं स्पेलिंग घेतलं होतं, शेवटी वाय. ती लॅपटॉपवर रेशनकार्डातलं टाकत होती, शेवटी आय. मीही तिथे पोचलोच असतो, क्रमाने जात होतो.
चौदाच्या चौदा गाणी लॅपटॉपवर उघडली. हिल्डा म्हणाली, आत्ताच प्रिंट दे. म्हटलं, आधी पक्कं करतो. अर्धवट काम मला आवडत नाही.

१ मे, गुरुवार. सुट्टी.
पक्कं केलं. दोन्ही कॉम्प्युटरना कायमचा पत्ता दिला. एकच. एका घरात, एका छपराखाली राहणाऱ्यांचे पत्ते वेगळे कशाला? तेव्हापासून दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत. इंटरनेटही गेलं. हिल्डा म्हणाली, नवरा-बायकोचा पत्ता एक असला तरी नावं दोन असतात रे.
ह्यात तांत्रिक अर्थ काही नाही.

२ मे. सकाळी ८.
दोष आतला असणार. माझं मशीन उघडून ठेवलंय, स्क्रू बशीत आहेत. हिल्डा वही आणि काळा स्केचपेन घेऊन आत्याकडे निघाली. कशाला, विचारलं. म्हणाली, तुझं चालू दे.

३ मे, शनिवार. संध्याकाळी ८.
दुपारी चारला मशीनला झाकण लावलं, ते चालू केलं आणि लॅपटॉपला वेगळा पत्ता दिला. जोडलं गेलं. सुरेख. हिल्डाला सांगायला बाहेर आलो, तर ती माणिकपूरहून झेरॉक्स घेऊन रिक्षातून उतरत होती. कालपासून आत्याला गायला लावून तिने चौदाही गाणी हाताने लिहून काढली होती. अंगठ्याएवढी अक्षरं.

लदीन छान झाली. आत्या कागद नाकाशी धरून गायली, मधूनच अक्षरांवरून बोट फिरवायची. नंतर मला हाक मारली. आनि तुझ्या कॉम्प्युटरचं काय झालं रे?
म्हटलं, आज दुपारीच जोडला.
कोनाला?
दुसऱ्या कॉम्प्युटरला.
आत्याने कागदाची घडी केली. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, बरं केलंस बाबा. एकटा नाय पडायचा तो.