पाहुण्या शिंपल्या

४ फेब्रुवारी
विक्री बंद! आमच्या हिरव्या शिंपल्यांत तेलकट विष सापडलं म्हणे. मेक्लोंग नदीच्या मुखाशी उभा जन्म गेला, दुसरं काही पिकवलं नाही आम्ही. नवऱ्याचा, बुन्थिनचा, दिवसभर एकच धोशा — "वरच्या कारखान्यांनीच सोडलंय! दुसरं कोण?"

५ फेब्रुवारी
जेवताना म्हणाला, "नदीशी कोण भांडणार? होडी विकू. मी बँकॉकला कामाला जातो." तळलेला प्लाटू मासा ताटात तसाच राहिला.

९ फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या रत्तिकानबाई आल्या. मला वाटलं, पाणी भरून नेतील. तर म्हणाल्या, "हे विष पाण्यात फारसं विरघळत नाही, ताई. गाळाला चिकटतं, चरबीत शिरतं. इथे गोडं पाणी खाऱ्याला मिळालं, की गाळासकट तळाला बसतं. शिंपली पाणी गाळून खाते — तिलाच विचारू."

खुल्या समुद्रातल्या स्वच्छ शिंपल्या आणल्या होत्या. निम्म्या शिंपल्या वाढवायला रोवलेल्या आमच्या लाकडी खांबांना बांधल्या, निम्म्या पलीकडे धारेत, तरंगत्या पिंपाखाली. सासूबाई काठावरून ओरडल्या, "सुना आणल्यात का गं? नीट नांदवा हो!" किती दिवसांनी हसलो सगळे.

२० फेब्रुवारी
होडी बघायला गिऱ्हाईक आलं. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

११ मार्च
बाई शिंपल्या काढून घेऊन गेल्या. जाताना खांबावर नख ओढलं, वास घेतला. "हे काय लावता?"

"डांबर!" बुन्थिन ऐटीत. "नाहीतर किडा लाकूड फस्त करतो. वडिलांपासून लावतोय, सगळं गावच लावतं."

बाईंनी खांबाची एक ढलपी काढून डबीत भरली. मला ते काही आवडलं नाही.

२६ मार्च
बाईंचा फोन! पिंपाखालच्या शिंपल्या जवळजवळ स्वच्छ. खांबांवरच्या विषाने भरलेल्या — आणि ते विष डांबराचं.

बुन्थिन खांबांकडे बघत म्हणाला, "म्हणजे आपणच?"

सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं की मेल्या! नदी काय तुझं ऐकणार होती? डांबराचा डबा तर तुझ्याच हातात आहे!"

मी रडले. पण आनंदाने, खरंच!

२७ मार्च
ओहोटीला गावातला पहिला खांब उपटला — आमचा. गिऱ्हाईकाला कळवलंय, होडी मिळणार नाही. खांब ओढायला लागते.