खालच्या खोलीतली काच

३ एप्रिल

चि. खारूताईस आजीचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर आजोबांच्या वळणावर गेलंय, त्यामुळे अर्धं वाचलं आणि अर्धं अंदाजाने भरून काढलं. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या.

बातमी मोठी आहे म्हणून लिहायला बसले. आपल्या वखारीवर कुणाचा तरी डोळा आहे. तुला ठाऊकच आहे, गिरणीच्या सगळ्या इमारती हॉटेलवाल्याने एकेक करून गिळल्या, कालव्याच्या काठाला आपली ही सुताची वखार तेवढी उरली. जुन्या इमारतींच्या यादीत तिचं नाव लागलं तर ती राहील आणि मीही वरच्या मजल्यावर शेवटपर्यंत राहीन. नाही लागलं तर हॉटेलवाला पाडणार आणि तुझा बाप मला त्याच्या लिफ्टच्या घरात नेऊन बसवणार. लिफ्टमध्ये माझं पोट खालीच राहतं आणि मी वर जाते, हे त्याला कितीदा सांगितलं.

तर परवा एक माणूस आला. त्याचं नाव मी गुळगुळीत ठेवलंय. डोकं गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर त्याहून. तपासणीला आलोय म्हणाला. कुणाकडून विचारलं तर कार्यालयाकडून म्हणाला, जसं काही जगात एकच कार्यालय आहे. खालच्या खोलीत टॉर्च मारत फिरला आणि भिंतीवर ती केसाएवढी रेघ आहे ना, तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून गेला. कशाला ते सांगेना. चहा दिला, तर फार छान झालाय म्हणाला आणि कप भरलेला ठेवून उठला. न पिताच छान? तेव्हाच मी ओळखलं, हा हॉटेलवाल्याचा माणूस.

पण खरं सांगू, मला मजा येतेय. आजोबा गेल्यापासून संशय घ्यायला घरात कुणी उरलंच नव्हतं. आता सकाळी उठले की खिडकी गाठते.

आणि एक आनंदाची गोष्ट. खालच्या खोलीची ओल गेली! तो कुबट वास गेला, भिंतीवरचं हिरवं गेलं. कशी गेली ते विचारू नकोस, माझं गुपित आहे. यादीवाले साहेब येतील ते बघतच राहतील. दारवाले तुझी चौकशी करत होते. आठवतात ना, तलावातून कालव्यात येणाऱ्या पाण्याचे दरवाजे उघडतात-मिटतात ते, तुला खांद्यावर बसवून दांडा फिरवायला द्यायचे? हल्ली संध्याकाळी चहाला येतात. ते पितात हो, सगळा.

लोभ आहे तेवढा राहू दे, पत्रं मात्र वाढव.

तुझी आजी

१० एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझी हेरगिरी वाचून हसले, मग हसू थांबलं. माझं रोजचं काम पडक्या भिंती सावरण्याचं, म्हणून सांगते. भिंत सरकतेय का हे कळायला रेघेवर काच लावतात. भिंत हलली की काच तडकते. म्हणजे त्या माणसाला भिंत हलेल असं वाटतंय. त्याला आधीच कसं कळलं? पुन्हा आला तर ओळखपत्र माग. किल्ली कुणाला देऊ नकोस, दारवाल्यांनासुद्धा नाही.

आणि ओल आपोआप जात नसते, आजी. तुझं गुपित काय ते मला कळव. कालव्याच्या पायऱ्यांवर पाणी कुठपर्यंत आहे तेही लिही.

गुडघ्याला जप. माया असू दे.

तुझी खारूताई

१९ एप्रिल

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद, वि. वि.

काच फुटली! मी खाली बटाटे निवडत बसले होते आणि भिंतीतून टक् असा आवाज आला, जसं कुणी चुटकी वाजवावी. बघते तर पट्टीचे दोन तुकडे. घरात मी आणि मांजर, तिसरं कुणी नाही. तरी मला वाटलं, गुळगुळीत कुठून तरी आत शिरत असेल. म्हणून मी युक्ती केली. खालच्या फरशीवर पीठ भुरभुरवून ठेवलं. सकाळी पावलं उमटली होती, एक मांजराची आणि एक माझी, कारण पीठ टाकलंय हे विसरून मीच पाणी तापवायला गेले. पीठ मात्र वाया गेलं.

गंमत पुरे. वरच्या मजल्यावरचं ते मोठं दार, ज्यातून पूर्वी दोराने सुताचे गठ्ठे वर ओढायचे, ते मिटेनासं झालंय. भिंतीतल्या रेघेत आता माझं बोट जातं. गुळगुळीतने येऊन बघितलं, च् च् केलं आणि फोटो काढले. मी चहा विचारलाच नाही. ओळखपत्र मागायचं होतं, रागात राहून गेलं. हॉटेलवाला पुलावर उभा राहून आपल्या छपराकडे बघतो आणि फोनवर हसतो. हसणारच. वखार आपोआप पडली तर त्याला पाडायचेही कष्ट नाहीत.

पायऱ्यांचं विचारलंस. शेवाळलेल्या खालच्या पायऱ्या सगळ्या उघड्या पडल्यात. बदकं बिचारी चिखलात उभी असतात, सासरी आल्यासारखी. होडीवाली ओरडत होती की तिच्या होडीचं बूड खरवडतं. तलावात पाणी आहे, कालव्यात नाही, असं कसं म्हणते. मी म्हटलं होईल हळूहळू. कोपऱ्यात अजून थोडी ओल होती, तीही घालवली. निदान खोली तरी कोरडी दिसावी यादीवाल्यांना.

माझी काळजी करू नकोस, थोडी केलीस तरी चालेल.

तुझी आजी

२५ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

आजोबा म्हणायचे ना, आपण झाडांच्या डोक्यावर राहतो? तू ते थट्टेवारी न्यायचीस. ते खरं होतं. तलावाकाठच्या गाळात लाकडाचे खांब ठोकून त्यांच्यावर गिरणी आणि वखार उभी केलेली आहे. ते लाकूड पाण्यात बुडालेलं असेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पाणी उतरलं की त्याला हवा लागते आणि ते कुजायला लागतं. भोवतीचा गाळ सुकून आकसतो तो वेगळाच, आणि वरची भिंत बसते. तुझ्या भिंतीला नेमकं तेच होतंय. ओल गेली म्हणून तू खूश आहेस, पण ती ओलच घर धरून होती.

कालव्याचं पाणी आपणहून उतरत नाही. दांडा एकाच माणसाच्या हातात आहे. हॉटेलवाला हसतो आणि दारवाले रोज चहाला येऊन भिंत बघून जातात, याचा अर्थ तुला लागत नाही? त्यांना कुणी फितवलं ते मला शोधायचंय. कालव्याच्या कार्यालयाकडे तक्रार लिहून ठेवली आहे. तुझं उत्तर आलं की पाठवते. नोकरी जाईल त्यांची, आणि दरवाजाजवळची खोलीही. वाईट वाटतं, पण जाऊ दे.

तोवर त्यांना घरात घेऊ नकोस.

तुझी खारूताई

२९ एप्रिल

खारूताई,

तक्रार पाठवू नकोस. पाणी मीच उतरवायला सांगितलं होतं. बाकी मागाहून लिहिते.

आजी

२९ एप्रिल

चि. छोटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आजींनी मला वाचायला दिलं. कालव्याचं पाणी कायम जिथवर ठेवायचं, त्या दगडावरच्या खुणेखाली मी उतरवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी काही दिलं नाही. मला तसं वाटलं म्हणून केलं. लाकडाचं मला माहीत नव्हतं. तुझ्या आजींना यात ओढू नये, त्यांना पाण्यातलं काही कळत नाही. तक्रार खुशाल पाठव, त्यात माझं नाव नीट लिही. मोठी होऊन चांगली शिकलीस, बरं वाटलं.

दारवाले

२४ मे

चि. खारूताईस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

म्हणे मला पाण्यातलं काही कळत नाही! तुला काय लिहिलं ते दारवाल्यांनीच येऊन सांगितलं आणि वर चहाही मागितला. मी म्हटलं, आयुष्य कालव्याच्या काठाला काढलं आणि मला कळत नाही? मग आठवलं, खरंच कळत नव्हतं.

झालं ते असं. यादीवाले येणार म्हणून मला खालच्या ओलीची लाज वाटायची. एका संध्याकाळी दारवाल्यांना सहज म्हटलं, पाणी जरा खाली असतं तर खोली सुकली असती. ते चहा संपवून गेले. दुसऱ्या दिवशी पाणी खाली. मग मी अजून जरा म्हटलं, ते अजून उतरलं. मला काय आनंद झाला होता! आणि भिंत तडकायला लागली तेव्हा मी शहाणी पुलावरच्या माणसाचा संशय घेत बसले.

तुझं पत्र वाचल्यावर गुळगुळीत आला तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने ओळखपत्र काढलं. तोच निघाला यादीवाला! फोटोत तर आणखी गुळगुळीत दिसतो. काच लावली ती वखार वाचवायलाच, जुन्या रेघेवर लावतातच म्हणे. चहा त्याला दुधाचा सोसत नाही, तेवढं तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?

पाणी आता हळूहळू चढवून खुणेला आणलंय. बदकं खूश आहेत, होडीवाली गप्प आहे. खालची खोली पुन्हा ओली झाली, हिरवं परत आलं. मी खाली जाऊन नाक भरून वास घेतला. कुजले असतील तेवढे खांब बदलावे लागतील, तडे बुजवावे लागतील, पण थंडीपर्यंत नवीन काच टिकली तर यादीत नाव लावायला तो लिहिणार आहे. तुझ्या बापाला सांग, लिफ्ट थांबव.

दारवाल्यांचं मात्र वाईट झालं. तू तक्रार पाठवली नाहीस, पण ते आपणहून कार्यालयात गेले आणि दांडा टेबलावर ठेवून आले. मी मागोमाग गेले आणि सांगितलं की चूक माझी आहे. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, लिहून मात्र कुणी घेतलं नाही. दरवाजावर आता दुसरा माणूस आहे. निवृत्तीपर्यंत खोली तेवढी ठेवलीय. दुसऱ्याच्या हातात दांडा बघताना त्यांचा चेहरा बघवत नाही, म्हणून मी त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवते.

रोज सकाळी येतात. आम्ही खाली जाऊन काच बघतो. मी म्हटलं, माझे डोळे अजून चांगले आहेत, फुटली तर मी कळवीन, तुम्ही कशाला पायऱ्या उतरता. तर म्हणाले, काच बघायला दोन माणसं लागतात. असं कुठे असतं का ते तुला ठाऊक असेल, तुझं कामच ते. पण मी विचारत नाहीये, तूही सांगू नकोस.

आज शाबूत आहे. उद्याचं उद्या बघू, दोघं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी