गिरी चांगला खेळतो का

मारतहळ्ळी
मंगळवार

प्रिय अण्णा,

नीट पोचलास ना? वहिनीचं गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळा आठवीपर्यंतच, तीही कन्नडात. मराठी लिहायला आईनं शिकवलं तेवढंच येतं, आणि आई गेल्यापासून कुणाला लिहायची वेळच आली नाही. फोनवरच बोलले असते. पण आमची एक खोली, गिरी घरात असला की सगळं ऐकतो. तो नसला की बोलायला जाते आणि मला रडू फुटतं, मग ईरा पण रडते, मग तुला काय ऐकू येणार. शेजारच्या अहल्याअक्काचा भाऊ उद्या हैदराबादला निघतोय, त्याच्या हाती हे देते. तुझ्याच हातात द्या म्हणून सांगितलंय.

परवा मॅच झाल्यावर गेटपाशी तू मला विचारलंस ना, हर्षू, खरं सांग, मला एका मॅचवरून कळेना, गिरी कच्चा आहे का त्याच्या भोवतीची पोरं कच्ची आहेत? तू दर रविवारी बघतेस, शनिवारी मला आमच्या हैदराबादच्या टीमची नावं द्यायचीत. आणि मी ईराला घेऊन आत पळाले. तुला वाटलं असेल हिला खेळातलं काय कळतं, लाजली. तसं नाही अण्णा. उत्तर मला ठाऊक होतं, तोंडातून काढायची भीती वाटली. आता सगळं लिहिते, शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून गिरीला फोन लावू नकोस. आणि हो, आईसमोर मी नवऱ्याला 'हे' 'हे' करायचे, तुझ्याशी काय ते, गिरीच लिहिते. तूच त्याला ग्राउंडवर आणलंस. तेव्हा तो माझा कुणीच नव्हता.

गल्लीतले अजून विचारतात, कसला गं तो अमेरिकन फुटबॉल, हातानं खेळतात आणि डोक्यात हेल्मेट, मग बाईक कुठाय? मी सांगून दमले. अहल्याअक्काला एकदा बसवून सांगितलं. गिरी मागे उभा असतो, चेंडू पहिला त्याच्या हातात येतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्या पुढे जाडी पोरं उभी असतात, त्यांनी समोरच्या टीमला अडवून धरायचं. तेवढ्यात आपली दुसरी पोरं लांब पळतात, गिरीनं बघायचं कोण मोकळा आहे, आणि त्याला चेंडू टाकायचा. अडवणाऱ्यांनी अडवलं नाही तर समोरचे येऊन गिरीला आडवा करतात. अक्का म्हणाली, म्हणजे काम सगळ्यांनी करायचं आणि चुकलं की शिव्या ह्यानं एकट्यानं खायच्या? मी म्हटलं, सरी अक्का, बरोबर, तुला कळला खेळ.

तर पोरांचं सांगते. पुढे उभा राहणारा तो मोठा व्यंकोजी, तू पाहिलास, भिंतीसारखा दिसतो. तो शनिवारी रात्रभर टेक पार्कची कॅब चालवतो आणि गाडीतनंच होसकोटेच्या ग्राउंडवर येतो. उभ्या उभ्या डोळे मिटतात बिचाऱ्याचे. त्याच्या बाजूचे दोघं पीजीत भाड्यानं राहणारे, नोकरी लागली की शहर सोडतात, मग नवीन येतात, त्यांना उजवीकडे जा म्हटलं तर आधी गिरीकडे बघतात. आणि खंडोजी. पळतो छान, पण थोडं पळाला की त्याला वाटतं चेंडू काय येत नाही, आणि थांबतो. चेंडू बरोबर तो जिथं असायला पाहिजे तिथं पडतो, तिथं दुसऱ्या टीमचा उभा असतो. मग ग्रुपवर येतं, गिरीनं आज पण चेंडू समोरच्यांना दिला. बाजूनं पोरं ओरडतात, ए गिरी, कुणाला टाकलास रे, देवाला? घरी येताना मी एकदा म्हटलं, खंडोजीला चांगलं झाप ना. तर म्हणतो, सुम्मने बस गं, मी स्वल्प लवकर टाकायला हवा होता. कधीच कुणाचं नाव घेत नाही. मला ते बोलणी खाणं काय असतं ते कळतं अण्णा. ईराचं वजन भरत नाही म्हणून दवाखान्यातली नर्स सगळ्यांसमोर म्हणाली, कसली आई गं तू. घरात दुसरं कुणी बाईमाणूस आहे का, हे नाही विचारलं तिनं.

आता चांगलं सांगते. दिवाळीनंतर एका रविवारी व्हाइटफील्डच्या टीमशी सुम्मने, नुसतंच खेळायचं ठरलं होतं, हार-जीत नाही. आमची निम्मी पोरं आलीच नाहीत. मग त्यांच्या कोचनं स्वतःची पुढची पोरं आम्हाला दिली, म्हणाला घ्या, आज तुमच्यासाठी उभी राहतील. अण्णा, तू त्या दिवशी पाहिजे होतास. गिरीला मी तसा कधी पाहिला नव्हता. घाई नाही काही नाही. उभा राहून नुसता बघतोय. एकीकडे बघतो, मान वळवतो, दुसरीकडे बघतो, आणि टाकतो तिसरीकडेच. समोरचे सगळे भलतीकडे पळालेले. खंडोजीला पण त्या दिवशी थांबायला वेळ मिळाला नाही, त्यानं हात वर केले आणि चेंडू हातात. तो स्वतःच घाबरून चेंडूकडे बघत राहिला, पळायचं विसरला, सगळे हसले. पलीकडच्या कोचनं मला येऊन विचारलं, हा कुठं शिकला? मी म्हटलं, माझ्या अण्णाकडे. तो म्हणाला, असा हात आणि अशी नजर इथं नाही बघितली. गिरी घरी येईपर्यंत गाणं म्हणत होता, बसमध्ये, ईराला मांडीवर घेऊन, बायका वळून बघत होत्या. मला लाज वाटली आणि बरं पण वाटलं.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. गिरी कच्चा नाही. भोवतीची पोरं कच्ची आहेत. तुझ्याकडची पोरं त्याच्या पुढे उभी राहिली तर तो काय आहे ते सगळ्यांना दिसेल. मी नवरा म्हणून नाही म्हणत.

आता तू म्हणशील, एवढंच होतं तर तोंडावर सांगायचं होतंस. थांब.

पोरं अडवत नाहीत म्हणजे काय होतं ते तू एका मॅचमध्ये पाहिलंस, मी दर रविवारी बघते. त्यांची हेल्मेटं क्लबनं जुनी घेतलेली, गिरीच्या डोक्यात ते फिरतं. मी जुन्या गादीचा स्पंज कापून आतून शिवला, तरी फिरतं. संक्रांतीनंतर एक मॅच होती, त्यात दोघं एकदम येऊन आदळले, एक कमरेवर, एक डोक्यावर. गिरी उठला, चड्डी झटकली, आणि चालत जाऊन दुसऱ्या टीमच्या पोरांमध्ये उभा राहिला. त्यांच्या घोळक्यात वाकून ऐकत होता, पुढं काय करायचं ते. सगळं ग्राउंड हसलं. अण्णा, मी पण हसले. ईराला उचलून दाखवलं, बघ तुझे अप्पा कुठं गेले. घरी आल्यावर त्याला उलट्या झाल्या, उजेड नको म्हणाला, मी बल्बवर टॉवेल टाकला. डॉक्टरनं सांगितलं, डोक्याला आतून मार आहे, पूर्ण बरं वाटेपर्यंत खेळायचं नाही, परत बसला तर फार वाईट होईल. तो हो हो म्हणाला आणि थोड्या दिवसांत परत गेला. परत बसला. ह्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, तिथं गिरी म्हणाला स्कूटरवरनं पडलो. मी बाजूला बसून गप्प राहिले, कारण बाहेर त्यानं माझा हात धरून सांगितलं होतं, अण्णा बघायला येतोय तोवर काही बोलू नकोस.

आणि तू आलास. तू म्हणालास, गिरी घाबरल्यासारखा खेळतो, चेंडू फार लवकर सोडतो. तो घाबरत नाही अण्णा. तुला बसस्टँडवर सोडून आल्यावर मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. त्याला दोन चेंडू दिसतात. दोन खंडोजी दिसतात. तो दोघांच्या मधल्या जागेत टाकतो. असं सांगताना हसत होता, मला म्हणाला, तरी दोन बरोबर गेले की नाही? कामावर, गोदामात पण तसंच चाललंय. होसकोटेला माल लावायचा तो कोरमंगलाच्या गाडीत चढवला, सुपरवायझरनं दोनदा सोडून दिलं. जेवायला बसला की विचारतो, जेवलो का मी? पूर्वी तो असं मस्करीत विचारायचा. आता मी तोंडाकडे बघते, मस्करी आहे का नाही ते कळत नाही.

काल संध्याकाळी तो ईराला घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला गेला. परत आला. दूध फ्रीजमध्ये ठेवलं, चपला नीट लावल्या, भिंतीला टेकून बसला. मी भाकरी करत होते. म्हटलं, ईरा? तो म्हणाला, झोपलीय ना. मी चादर बघितली, कॉटखाली पण बघितलं, अण्णा, कॉटखाली बघितलं मी, आणि मग तशीच अनवाणी धावले. दुकानदारानं तिला तांदळाच्या पोत्यावर बसवलं होतं, हातात बिस्किट दिलं होतं, आणि स्वतः काउंटर सोडून तिला धरून उभा होता. म्हणाला, अक्का, मला वाटलं गिरीअण्णा फोन आला म्हणून बाहेर गेले, म्हणून हाक नाही मारली. मी हो म्हटलं. समोर रस्ता आहे, पाण्याचे टँकर जातात. ती अजून चालत नाही म्हणून, नाहीतर... घरी आले तर गिरी दारात उभा होता. तिला घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. नंतर म्हणाला, शनिवारपर्यंत कुणाला सांगू नकोस. मी ओरडले, मारलं पण त्याला, पाठीत.

मी खूप विचार केला अण्णा, काल पण, आज पण. मी सांगून तो थांबत नाही, डॉक्टर सांगून थांबला नाही. तू जर म्हणालास की डोक्याला मार आहे म्हणून घेत नाही, तर तो कुठल्यातरी डॉक्टरकडनं बरा आहे असा कागद आणेल आणि दुसऱ्या टीमकडे जाईल. तू म्हणालास की पोरं वाईट आहेत, तुझी चूक नाही, तर तो चांगली पोरं शोधत फिरेल, मिळेपर्यंत मार खाईल. तुझ्याकडची पोरं चांगली असतील, पण समोरून येणारे पण मोठे असणार, आणि परत एकदा बसला तर काय होईल ते डॉक्टरनं सांगितलंय. तो एकाच माणसाचं ऐकतो. तू कधी कुणाला गोड वाटावं म्हणून खोटं बोलला नाहीस, वहिनीच्या सख्ख्या भावाला पण टीममधून काढलंस, ते तो सगळ्यांना अभिमानानं सांगतो. मला म्हणाला, अण्णानं जर सांगितलं माझ्यात नाही, तर मी बूट काढून ठेवीन, परत बघणार पण नाही. म्हणून हे लिहिलं. शनिवारी त्याचं नाव घेऊ नकोस. आणि त्याला फोन कर. डोक्याचं बोलू नकोस, पोरांचं बोलू नकोस, माझं नाव तर काढूच नकोस. सरळ सांग, गिरी, मी नीट पाहिलं, तुझ्यात ते नाही, पोरं चांगली असती तरी नसतं. कडक बोल, दयेनं बोललास तर त्याला कळेल. मला ठाऊक आहे मी काय मागतेय. तो भिंतीकडे तोंड करून पडेल, कदाचित वर्षभर, कदाचित जन्मभर त्याला वाटेल आपण कधी काही नव्हतोच, आणि मला ते खोटं त्याच्याबरोबर जेवत, झोपत सांभाळावं लागेल. जे बिघडलंय ते तरी बरं होईल का, ते पण कुणी सांगत नाही. तरी तू बोल. तो फोन स्पीकरवर टाकतो, मी तिथेच असेन. तुझं बोलून झालं की तो माझ्याकडे बघेल, आणि मी मान हलवीन, की हो, मला पण तसंच वाटायचं.

तुझीच,
हर्षू