अब्बांची डीव्हीडी

कारंजा, गुरुवार, दिवेलागण

थकली मी. माह्या भावानं, रशीदभाईनं, दुबईवरून पाठवलेला त्याच्या पोराचा व्हिडिओ अब्बाले टीव्हीवरच पाहाचा होता. तीन दिवस मी फाइल नुसतीच डिस्कवर कॉपी करून राह्यली होती, अन् प्लेअर दर वेळी ट्रे बाहेर फेकत होता. आधी फाइल डीव्हीडीच्या फॉरमॅटमधी बदलावी लागते, हे मले काहून सुचलं नाई?

आज चालली एकदाची. पोरगं दोन पावलं चाललं अन् धपकन बसलं. अब्बा हसले, चष्मा पुसला. मंग स्वतःच बटन दाबून ट्रे बाहेर काढला.

"परत लावू?"

"नको, घासून जाईन. रशीद आला का सोबतच पाहू."

पाच वर्षं झाली त्याले येऊन. व्हिडिओ तर त्यानंच काढलेला, त्याले त्यात काय नवं? मी डिस्क डबीत जपून ठेवली अन् उघडा ट्रे आत ढकलला.